आतलं हँडल

जुन्या पिकअपची सगळी दुरुस्ती नवरा अंगणात स्वतःच करायचा. फक्त बायकोच्या बाजूच्या दाराचं आतलं हँडल तुटकंच राहिलं. दर वेळी तो उतरून, गाडीला वळसा घालून तिचं दार बाहेरून उघडायचा. "मेलं एवढंसं हँडल बसवायला मुहूर्त लागतो का?" ती कुरकुरायची. अर्धांगवायूतून देवानं त्याला वाचवलं, पण उजवा हात गेला. गाडी चालवायला आणि सांभाळायला ती शिकली, तो तिच्या जागेवर बसू लागला. आज पाना शोधताना हत्यारांच्या पेटीत नवंकोरं हँडल सापडलं. पाकीट पिवळं पडलेलं. तिनं स्टिअरिंगच्या बाजूनं त्याला दाखवलं. आत बसलेला तो चोरी पकडली गेल्यासारखा हसला. "बसव आता. तुला वळसा कशाला?" "तुम्हाला इतकी वर्षं जड झाला होता का?" तिनं हँडल पेटीत टाकलं, वळसा घालून दार उघडलं. "उतरा, महाराज."