गाव कुटलं?

"वार कुठला, समोर कोण, आणि गाव बुडालंय हे कळतंय का, एवढंच बघायचं," डॉक्टर म्हणाले. "कळत असेल तर गोळ्या देऊन घरी. नाहीतर पुण्याला, वेड्यांच्या इस्पितळात. गाडी उभीच आहे."

लोणावळ्याच्या दवाखान्यात शिदूआबा बाकावर कुडकुडत बसला होता. अंगावरची बंडी अजून ओली. शेजारी त्याचा मुलगा बहिरू, मळवलीच्या एका बंगल्यावर राखणीला असलेला. उंबरवाडी धरणात गेल्यापासून म्हातारा त्याच्याकडेच असायचा. पण हल्ली पहाटे उठून डोंगर ओलांडायचा आणि सरळ पाण्यात चालत सुटायचा. घरी जातो म्हणायचा. आज बहिरूनं त्याला गळ्याइतक्या पाण्यातून ओढून आणला होता.

गंगी डॉक्टरांच्या हाताखाली मानसशास्त्र शिकत होती. म्हातारा तिच्याच वाडीचा. ओढ्याला पाणी चढलं की यानंच तिला खांद्यावर घेऊन शाळेत पोचवलेलं. त्याला त्या गाडीत चढताना तिला बघवलं नसतं.

"सर, मी विचारते," ती म्हणाली. "पुस्तकातलं बोलणं त्यांच्या डोक्यावरून जाईल."

"विचार."

ती बाकाशी उकिडवी बसली. "आबा, आज वार कुटला?"

"बेस्तरवार."

"आन मी कोन?"

"गोविंदाची गंगी! लय मोटी झालीस की गं शिकून."

डॉक्टर हसले. बहिरूच्या जिवात जीव आला. गंगीलाही हुरूप चढला.

"आन गाव कुटलं, आबा?"

"उंबरवाडी," म्हातारा म्हणाला. "भात कापाया आलंया, पोरी. मला बिगीनं सोडा."

करायला गेली एक अन् झालं भलतंच! मावळात गाव विचारलं की माणूस जन्माचं गाव सांगतो. राहतो कुठं, ते निराळं विचारावं लागतं. हे गंगीला काय कुणी शिकवायला हवं होतं? पुस्तकात 'सध्या राहता कुठे' असा साधा प्रश्न होता. या शहाणीनं तो घरच्या बोलीत विचारला, आणि म्हातारा घरी गेला.

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. "यांचे कपडे आणलेत का?"

"सायेब, आजून येकडाव इचारा," बहिरूनं हात जोडले.

गंगीनं म्हाताऱ्याचे दोन्ही हात धरले. ते गारठलेले होते. "आबा, नीट ऐका. वाडी पान्यात गेली. आता कुनी बी इचारलं तर मळवली म्हनायचं."

"मग तुजं गाव कुटलं?"

गंगीनं एकदा डॉक्टरांकडे बघितलं. म्हाताऱ्यानं ऐकून तसंच म्हणावं म्हणून ती मोठ्यानं बोलली. "मळवली, आबा. माजं गाव बी मळवलीच."

म्हातारा तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याचे डोळे भरून आले. मग तो बाकावर जरा सरकला आणि तिला बसायला जागा करून दिली.

"डागदर, माजं ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "आदी हिला बगा. पोरगी गाव इसारली."