आवाज नको

“आणि ते काय आहे?” लॅपटॉपमधल्या बाईनं इंग्रजीत विचारलं.

संस्कृती लॅपटॉप दोन्ही हातांनी उचलून खोलीभर फिरवत होती. अमेरिकेत शिकायला जायचं तर एक परीक्षा द्यावी लागते. आता ती घरबसल्या देता येते, पण पहारा साता समुद्रापलीकडचा. पलंगाखाली कुणी नाही ना, कपाटामागं कुणी नाही ना, बाईला सगळं दाखवायचं. खिडकीतल्या पुडक्यापाशी बाई अडली होती.

“फटाके,” संस्कृती म्हणाली.

“सण आहे का?”

“नाही. बिबट्या येतो. त्याला पळवून लावायला.”

बाईनं पुडकं पुन्हा एकदा निरखून पाहिलं. मग म्हणाली, पुडकं बाहेर ठेव, दार लाव, आणि आता पेपर संपेपर्यंत खुर्चीवरून उठायचं नाही.

संस्कृतीनं दार किलकिलं करून पुडकं बाहेर दिलं. दाराशी तिचे आजोबा बसले होते. दादाभाऊ नाव त्यांचं, पण अख्खी राजुरी त्यांना आबाच म्हणते. आई-वडील कांदा घेऊन आळेफाट्याच्या बाजाराला गेलेले, म्हणून दाराची राखण आबांकडे. मागच्या खेपेला शेजारची तुकाबाई विरजण मागत सरळ आत शिरली आणि झालं, पेपर तिथंच बंद! विरजणापायी अमेरिका गेली, म्हणून गावभर हसू झालं. आजही तसंच झालं तर पुढची तारीख मिळेपर्यंत विद्यापीठाची मुदत टळणार होती. जे काय व्हायचं ते आजच. म्हणून तिनं आबांना दहादा बजावलं होतं, नुसता आवाज आला तरी पेपर रद्द होतो.

“काळजी करू नगं, बाय,” आबा कुजबुजले. “चिमणीला बी चिवचिवू देणार न्हाई.”

भुऱ्याचा बंदोबस्त तिनं दुपारीच करून घेतला होता. भुऱ्या म्हणजे आबांचा कुत्रा. मेंढरं विकली तेव्हा आबांनी मागं ठेवलेला तेवढा एकच जीव. भारी भुंकरा. एरवी दिवस कलला की त्याला ओसरीत आत घ्यायचे. आज ती म्हणाली होती, “आबा, त्याला खालच्या गोठ्यात बांधा ना.”

“आगं, त्यो उसाला लागून हाय. अन् दिस बुडताना?”

“आजच्या दिवस, आबा! माझ्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न आहे.”

मग आबा उठले. साखळी घेऊन स्वतःच गेले.

पेपर सुरू झाला. शब्दांचे प्रश्न भराभर सुटत गेले. तिचं तिलाच नवल वाटलं. गणितं आली तेव्हा खिडकीबाहेर अंधारून आलं होतं, आणि खालच्या अंगाला भुऱ्या भुंकायला लागला. लांबून येत होता आवाज, पण नेहमीसारखा नव्हता. मध्ये श्वासच घेत नव्हता तो.

संस्कृतीचा हात थांबला. डोळे मात्र तिनं पडद्यावरून हलवले नाहीत. आता आबा फटाका लावतील, तिला वाटलं. रोज लावतात. एक सुतळी बॉम्ब वाजला की ऊस सळसळतो आणि जनावर निघून जातं. दाराबाहेर आबांच्या चपला घाईघाईनं सरकल्या, मग तोही आवाज लांब गेला.

भुऱ्या केकाटला.

नको, आता वाजायला नको, असं तिच्या मनात आलं. आलं ते आलं. दुसरं काही सुचायच्या आधी हेच आलं. पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळत होतं. तिनं प्रश्न परत वाचला, उत्तर निवडलं. मग पुढचं निवडलं. बाहेर सगळं शांत झालं होतं, अगदी तिला हवं होतं तसं.

शेवटी पडद्यावर गुण उमटले. मनाशी धरले होते त्याहून कितीतरी वर. बाई पडद्यावरून निघून गेली तरी संस्कृती खुर्चीतच बसून राहिली. आता उठायला कुणाची ना नव्हती.

दार उघडलं तर आबा पायरीवर बसलेले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेलं, पायात एकच चप्पल. शेजारी भुऱ्याची साखळी, तुटलेली.

“झाला का पेपर?”

“झाला.”

“बरा गेला?”

“लई चांगला गेला, आबा,” ती म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. “आबा, भुऱ्या...”

“बॅटरी मारली म्या. लई मारली. त्ये कसलं भितंय बॅटरीला!” आबा उसाकडंच बघत होते. “पर वरडलो न्हाई. हाळी बी दिली न्हाई. तुकाबाई पळत आली व्हती, तिला बी हातानंच गप केली.”

त्यांची उजवी मूठ अजून आवळलेलीच होती. तिनं ती हळूहळू सोडवली. आत सुतळी बॉम्ब होता, घामानं भिजलेला. वात तशीच होती. डाव्या हातात काडेपेटी.

आबांनी आता कुठं तिच्याकडं पाहिलं.

“सुटला न्हवं तुझा पेपर?” त्यांनी विचारलं. “मग आता वाजवू का?”