पाला खाणारा जीव

उद्यानाच्या फाटकाशी उभारलेल्या डायनोसॉरवरचा पडदा सरकला आणि टाळ्या कडाडल्या. वासलेला जबडा, लांबच लांब सुळे, त्यांवरून ओघळणारं लालभडक रक्त. डॉ. वसुधा चांदेकरांनी मान खाली घातली. याच गावाच्या शिवारात अठरा वर्षं खपून त्यांनी त्या प्राण्याची हाडं उकरून काढली होती. तो बिचारा झाडपाला खाणारा जीव होता.

"रक्ताशिवाय गर्दी जमत नाही, मॅडम," असं उद्यान समितीचे अध्यक्ष म्हणाले होते. वसुधाताई दोन दिवस भांडल्या आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी पुतळ्याच्या आराखड्यावर सही करून टाकली.

गर्दीतून वाट काढत गिरजाबाई जवळ आल्या. पहिलं हाड त्यांच्याच शेताच्या बांधावर सापडलं होतं. तेव्हापासून दर हिवाळ्यात त्या वसुधाताईंच्या शेजारी बसून कुंचल्यानं माती झाडायच्या.

"बाई, हा त पाला खाये ना? मंग तोंडाले रगत कायचं?"

पण लगेच गिरजाबाईच ओशाळल्या. "माह्याच ध्यानात चुकीचं राह्यलं असंन. अडानी बाई मी. साऱ्या गावाले पाल्याचंच सांगत बसली."

वसुधाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुमचं नाही चुकलं," त्या पुटपुटल्या. "खोट्यावर सही मी केली."

"मंग थ्या माइकवर सांगा ना, बाई. लोक आयकतीन."

तेवढ्यात सत्कारासाठी वसुधाताईंचंच नाव पुकारलं गेलं. त्या मंचावर चढल्या, शाल अंगावर घेतली, "आभारी आहे" एवढंच म्हणाल्या आणि गिरजाबाईंची नजर टाळून पलीकडच्या पायऱ्यांनी खाली उतरल्या.