रात्रीची गोळी

कार्डिफच्या दवाखान्यात डॉक्टर प्रिचर्डसमोर बसताच मेन्नानं सांगून टाकलं, "रजोनिवृत्तीसाठी तुम्ही दोन औषधं दिलीत. अंगावर चिकटवायची इस्ट्रोजेनची पट्टी झकास आहे. पण रात्रीची ती प्रोजेस्टेरॉनची गोळी कमी करा. वर्षभर ऊठसूट रडतेय मी. परवा चॅपेलमध्ये लग्नाचं गाणं म्हणताना रडू फुटलं, तर नवरीची आईच मला पाणी पाजत बसली!"

"छे, छे!" संगणकावरची नजर न काढता डॉक्टर म्हणाले. "नुसत्या इस्ट्रोजेननं गर्भाशयाचं अस्तर वाढतं, पुढं कॅन्सरची भीती. गोळी आहे ती त्यासाठी. नाहीतर तुमच्या गर्भाशयाची काळजी कुणी घ्यायची?"

"कुणीच नाही!" मेन्नाचा आवाज चढला. "गाठी झाल्या म्हणून चार वर्षांपूर्वी ते काढून टाकलं. मला ऑपरेशनला पाठवणारी चिठ्ठी तुमचीच होती, डॉक्टर!"

टाइप करणारी बोटं थांबली. डॉक्टरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"हा वेगळा विषय झाला. एका भेटीत आम्ही एकच तक्रार ऐकतो. बाहेर पुढच्या महिन्याची वेळ घ्या. आणि तोवर गोळी चुकवू नका हं."