विहिरीतला समुद्र

कॉलेजच्या मंडपात, मंत्र्यांसमोर, यज्ञेश्वरच्या हातात माइक आला.

टेबलावर मखमलीच्या तुकड्यावर दगड ठेवला होता. दगडात ट्रायलोबाइट. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेला समुद्रातला किडा. तो यज्ञेश्वरच्याच भूगर्भशास्त्र विभागाच्या कपाटातला. गेल्याच आठवड्यात मुलांनी त्याची आकृती काढली होती. आज खालची चिठ्ठी खरवडलेली होती आणि शेजारी पाटी होती: संस्थेचे अध्यक्ष गणपतराव यांच्या विहिरीत सापडलेला समुद्रजीव.

सकाळी गणपतराव म्हणाले होते, "सर, तुमच्या कायम नेमणुकीचा कागद सहीला आलाय. मंत्र्यांम्होरं आमच्या विहिरीचं तेवढं झोकात सांगा की. दगुड काय बोलत न्हाई, तुम्ही बोला."

दर जूनला नेमणूक, दर एप्रिलला घरी. यज्ञेश्वरला ना पद हवं होतं, ना मान. वर्ग हवा होता. खडू हवा होता.

गणपतरावांच्या मळ्यात सगळा काळा दगड, लाव्हा थिजून झालेला. तो वाहायच्या कितीतरी आधी जगातला शेवटचा ट्रायलोबाइट मेला होता. तिथं हा शोधायचा म्हणजे पेटत्या चुलीत मासा धरायचा.

तिसऱ्या रांगेत त्याचे विद्यार्थी होते. नंदिनी दगडाकडं टक लावून बघत होती. तिनं ओळखला होता.

"यांच्या हजारो जाती होत्या," त्यानं सुरुवात केली. "काही तिळाएवढे, काही हातभर. कुणाला शेकडो भिंगांचे डोळे, कुणी ठार आंधळे. कुणाच्या अंगभर काटे. काही तर धोका दिसला की अंगाची गुंडाळी करून घ्यायचे."

इथवर खरं होतं. पुढच्या खुर्चीत गणपतराव मिशीवरून बोट फिरवत होते.

"आणि त्यांतलाच हा एक... अध्यक्षांच्या विहिरीत मिळाला. मंडळी, आज जिथं ऊस डोलतोय, तिथं एके काळी समुद्र होता!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंत्र्यांनी दगडाला हात जोडले. नंदिनीनं मान खाली घातली.

मंडपाबाहेर गणपतरावांनी त्याच्या खांद्यावर हात टाकला.

"सही झाली, सर. कायम!"

यज्ञेश्वरचे डोळे भरून आले. "सोमवारी पहिला तास माझाच आहे, साहेब."

"छ्या! तुम्ही सोमवारपासनं माझ्या प्रचाराच्या जीपमध्ये. असली जीभ पोरांवर वाया घालवायची व्हय? वर्गाला काय, खरं बोलणारा कुणीबी मिळंल."