कावळ्याची वाट

आईच्या दहाव्याचा पिंड घाटावर मांडून बराच वेळ झाला होता. शाल्मलीची आईला सगळी वचनं देऊन झाली, तरी कावळा शिवेना. डोक्यावर चिमणीएवढे टपाल-ड्रोन सारखे घोंघावत होते आणि पिंपळावरचा कावळा बिचकून तिथेच बसला होता.

शेवटी तिने हवाई नियंत्रण कक्षाला फोन लावला. "जरा वेळ वाट मोकळी कराल का? कावळ्यासाठी."

"करतो, ताई," पलीकडचा माणूस म्हणाला.

घोंघाट थांबला. ड्रोन मुकाट्याने घाटाच्या कठड्यावर येऊन बसले. कावळा उतरला आणि पिंडाला शिवला.

फोन खांद्याशी धरून शाल्मलीने हात जोडले. "शिवला! फार उपकार झाले, दादा."

"उपकार कसले, ताई? माझ्या आईच्या पिंडाला दर्भाचा कावळा करून शिववावा लागला होता."