नळीतला छर्रा

"छऱ्यांचं मॅगझिन काढलंय काका, आता काय होणार?" शर्वाणी ऐटीत म्हणाली. बागेतली माकडं हाकलायला काकांनी आणलेली बॅटरीवरची स्वस्तातली छऱ्यांची बंदूक आठवड्यातच बंद पडली होती. मिक्सर दुरुस्त केल्यापासून शर्वाणीला सगळे इंजिनिअर म्हणत, आणि तिलाही ते पटलं होतं.

"अबोली, नळीत बघ गं, काही अडकलंय का."

धाकट्या बहिणीनं डोळा लावला. "नुसता काळोख आहे, इंजिनिअरबाई!"

हसत शर्वाणीनं बॅटरीची सैल वायर घट्ट खोचली आणि चाप ओढून पाहिला. मॅगझिन काढण्याआधीच नळीत चढलेला छर्रा सुटला.

काका धावले. "मॅगझिन तर काढलं होतं," शर्वाणी पुटपुटत राहिली.

डोळ्यावरचा हात काढून अबोलीनं विचारलं, "ताई, अजून काळोखच का गं?"